सव्वादोन मिलिग्रॅम

केळशीच्या आमच्या घरी विहिरीच्या पाटालगत सदाफुलीची झुडपं आहेत. ती कुणी लावलेली नाहीत. वाळूत, जांभ्या दगडाच्या फटीत, डोणीच्या मागे, जरा जागा मिळाली की ती उगवतात. माडांना आणि पोफळींना वेळेवर शिंपणं लागतं, खत लागतं, माणूस लागतो. सदाफुलीला यांतलं काहीच लागत नाही. काकू सकाळी परडी घेऊन आधी जास्वंद काढायची, ती कमी पडली की सदाफुलीकडे वळायची. सदाफुली देवाला चालते की नाही, यावर तिचं आणि शेजारच्या वहिनींचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

गावात साखर वाढलेली काही माणसं या झुडपाची पानं सकाळी उपाशीपोटी चावतात. मी त्यांना नेहमी थांबवायला जाते. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या पुतणीचं कोण ऐकणार! पण त्या पानांत काय आहे हे ठाऊक असल्यामुळे मला गप्प बसवत नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात काकूचं पोट फुगायला लागलं. गावात वायूचं औषध झालं, दापोलीला सोनोग्राफी झाली आणि मग मंडणगडावरून जाणाऱ्या एसटीने आम्ही मुंबई गाठली. अंडाशयाचा कर्करोग. शस्त्रक्रियेनंतर दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा केमो झाल्या. त्यातलं एक औषध होतं पॅक्लिटॅक्सेल. पुढे दीड-एक वर्ष बरं गेलं. २०१८ मध्ये दुखणं उलटलं, तेव्हा डॉक्टरांनी दुसरं औषध काढलं, टोपोटेकॅन. ते सलग पाच दिवस घ्यायचं, मग सुट्टी, बाविसाव्या दिवसापासून पुन्हा पाच दिवस. त्या पाच दिवसांसाठी गिरगावात एका नातेवाइकांकडे खोली मिळाली होती. तिथून रोज टॅक्सीने जायचं, अर्ध्या तासाची सलाइन घ्यायची आणि परत यायचं.

पहिल्या दिवशी सिस्टरने कागदावर मात्रा लिहिली ती मी वाचली. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागाला दीड मिलिग्रॅम असा हिशेब असतो. काकू बारीक चणीची, तिचा पृष्ठभाग भरला दीड चौरस मीटर. म्हणजे सव्वादोन मिलिग्रॅम.

"इतकंच?" काकू म्हणाली. "अगो, चिमटीत धरलेलं मीठसुद्धा याहून जास्त भरेल."

सलाइनच्या पिशवीत फिकट पिवळी झाक होती. वेळ जावा म्हणून मी तिला सांगितलं, की याचा मूळ रेणू झाडात सापडतो. कुठल्या, तर आपल्याच सह्याद्रीत होणाऱ्या नरक्यात. ती बराच वेळ त्या पिशवीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग माझ्यासाठी झाड तोडलं असेल काय गो?"

मला उत्तर देता आलं नाही. पिशवीतला रेणू कुठल्या झाडातून आला हे कुणालाच सांगता येत नाही. पण झाड न तोडता तो मिळवता येतो का, हे शोधण्यात काही माणसांनी आयुष्यं घातली आहेत. काकूला तेव्हा सांगता आलं नाही ते सगळं इथे लिहीत आहे.

*

काकूच्या शरीरात गेलेल्या या दोन्ही औषधांचा माग एकाच प्रयोगशाळेत जातो, आणि त्या प्रयोगशाळेतला एक माणूस आपल्या नंदुरबारचा. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून त्यांनी काही वर्षं मुंबईतच भवन्स कॉलेजात शिकवलं, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. केली. नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत ते कामाला लागले आणि तिथेच राहिले. चीनमध्ये 'शी शू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरत होत्या. त्या अर्कातला नेमका रेणू या दोघांनी वेगळा काढला, १९६६ मध्ये त्याची रचना जाहीर केली आणि त्याला नाव दिलं कॅम्प्टोथेसिन. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, याच दोघांनी प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरल्या यू झाडाच्या सालीतल्या रेणूची रचना उलगडली. तो टॅक्सॉल, म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल. टोपोटेकॅन हा कॅम्प्टोथेसिनचा वंशज. एका आयुष्यात असे दोन रेणू हाती लागणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. २०२० च्या एप्रिलमध्ये वाणी गेले तेव्हा सगळी वर्तमानपत्रं करोनाने भरलेली होती. नंदुरबारच्या या माणसाबद्दल आपल्याकडे जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं लिहिलं गेलं नाही, याची मला खंत आहे.

कॅम्प्टोथेसिन काय करतं हे मी काकूला सुंभाच्या उदाहरणाने सांगितलं होतं. काथ्याचा सुंभ पिळतात तसे पेशीतल्या डीएनएचे दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले असतात. पेशी दुभंगायची तर डीएनएची नक्कल हवी आणि नक्कल करायची तर पीळ उलगडायला हवा. एका टोकाने उलगडत गेलं की पुढे पीळ घट्ट होत जातो, हे दोरी वळणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पेशीत यासाठी एक एन्झाइम असतं. ते एक धागा कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि धागा पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापणं झाल्यावर आणि सांधणं व्हायच्या आत जाऊन अडकतं. धागा तुटलेलाच राहतो, नक्कल करणारी यंत्रणा धावत येऊन तिथे आपटते आणि पेशी मरते. हे १९८५ मध्ये कळलं आणि अडगळीत गेलेला रेणू पुन्हा बाहेर आला. अडगळीत गेला होता, कारण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माणसांवर झालेल्या चाचण्यांत त्याच्या क्षाराने रुग्णांना फार त्रास झाला होता. आता त्याचे जरा सौम्य, पाण्यात विरघळणारे वंशज तयार झाले. अमेरिकेत १९९६ मध्ये टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या दोघांनाही परवानगी मिळाली.

या रेणूला भरभर वाढणारी कुठलीही पेशी सारखीच. काकूच्या पांढऱ्या पेशी दुसऱ्या फेरीनंतर इतक्या उतरल्या की तिसरी फेरी आठवडाभर पुढे ढकलावी लागली. मग झाड स्वतः कसं वाचतं? कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींत त्या एन्झाइमचा एकच दुवा, एकच अमिनो आम्ल, बदललेला सापडला आहे. तेवढ्याने रेणूला तिथे अडकायला जागा मिळत नाही. विष करणाऱ्याने आधी स्वतःच्या घराचं कुलूप बदलून घेतलं आहे.

*

नरक्याचं नाव शास्त्राच्या वहीत पहिल्यांदा चढलं ते मुंबईत. जॉन ग्रॅहम यांनी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली, ती १८३९ मध्ये छापली गेली. त्याच वर्षी ग्रॅहम खंडाळ्याला वारले. छपाईचं उरलेलं काम जोसेफ निम्मो या त्यांच्या वनस्पतिप्रेमी मित्राने पुरं केलं. त्या यादीत हे झाड चुकीच्या प्रजातीत घातलेलं आहे. प्रजात नंतर बदलली, निम्मोंचं नाव मात्र राहिलं: नोथापोडायटिस निम्मोनिआना. आधीच्या एका शास्त्रीय नावात 'फेटिडा', म्हणजे दुर्गंधी, असा शब्द होता. आपल्या लोकांनी त्यासाठी लॅटिनची वाट पाहिली नाही. पावसाळ्यात या झाडाला बारीक पिवळट फुलांचे झुबके येतात आणि त्यांचा वास असा सुटतो, की नरक्या हे नाव कसं पडलं ते विचारावं लागत नाही.

१९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी या झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं. हे काम झालं मुंबईच्या गोरेगावात, सिबा रिसर्च सेंटरमध्ये. पंडित नेहरूंच्या हस्ते १९६३ मध्ये ते केंद्र सुरू झालं होतं आणि गोविंदाचारी त्याचे पहिले संचालक होते. (कोकणातल्या वाचकांनी माणगावच्या अलीकडचं आपलं गोरेगाव समजू नये.) चिनी झाडापेक्षा नरक्यात हा रेणू बऱ्याच जास्त प्रमाणात निघाला, मुळांत आणि खोडाच्या सालीत सगळ्यात जास्त.

त्या वाक्यात शास्त्रज्ञांना आनंद होता आणि झाडाचा घात होता. औषधं बाजारात आल्यावर सह्याद्रीत करवती चालू झाल्या. आंबोली, राधानगरी, चंदगड, कोयनेचा परिसर, रत्नागिरी आणि रायगडच्या घाटाखालच्या कडा, सगळीकडून नरक्याच्या तस्करीच्या बातम्या गेली पंचवीस-तीस वर्षं येत आहेत. बातमीचा साचाही ठरलेला असतो: रात्रीची गस्त, टेम्पो, ताडपत्रीखाली गोण्या, गोण्यांत लाकडाचे बारीक तुकडे. पकडला जातो तो बहुतेक वेळा टेम्पोचा चालक आणि मजुरीवर कोयता चालवणारा गावातला पोरगा. आंब्याची फांदी कापली तर फुटवा येतो, तसा नरक्याच्या बुंध्यालाही येतो. पण मुळांना भाव जास्त म्हटल्यावर झाड मुळासकट उपटतात. मग फुटणार कुठून?

यू झाडाने हे आधी भोगलं होतं. सुमारे शंभर वर्षांच्या यूची सगळी साल काढली तर जेमतेम एका मात्रेपुरता टॅक्सॉल निघायचा, आणि साल काढली की झाड मरायचं. एका रुग्णाला सहा मात्रा लागतात, म्हणजे सहा शतकांची झाडं. अमेरिकेत यावरून मोठा वाद पेटला. आपल्या हिमालयात थुनेर म्हणून त्याचंच एक भावंड आहे, तेही नव्वदच्या दशकात बेसुमार तुटलं.

*

झाडाचा तुकडा घ्यायचा, काचेच्या भांड्यात वाढवायचा आणि औषध त्यातून काढायचं, ही कल्पना ऐकायला जितकी सोपी तितकी करायला नाही. मी ती स्वतः करून पाहिली आहे. नव्वदच्या दशकात पुण्यात एम.एस्सी.ला असताना माझा प्रकल्प सदाफुलीवरच होता. केळशीहून येताना मी काकूच्या अंगणातलं एक रोप डालड्याच्या डब्यात घालून एसटीने नेलं होतं.

कृती अशी. कोवळं पान घ्यायचं, साबणाच्या पाण्याने आणि मग रसकापराच्या पातळ द्रावणाने धुवायचं, निर्जंतुक पाण्याने तीनदा खळबळायचं. गाळलेल्या हवेचा झोत अंगावर येणाऱ्या कपाटापुढे बसायचं, स्पिरिटच्या दिव्यावर चिमटा लाल करायचा, गार होऊ द्यायचा आणि पानाचे नखाएवढे तुकडे करून बरणीत मांडायचे. बरणीत क्षार, जीवनसत्त्वं, लिटरला तीस ग्रॅम साखर आणि हे सगळं थिजवायला अगार, म्हणजे आपण खिरीत घालतो तो चायना ग्रास. हे सगळं आधी कुकरसारख्या यंत्रात पंधरा पौंड दाबाखाली उकडून घेतलेलं असतं. या मिश्रणाची कृती मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी बसवली, आणि आजही जगभरात सर्वांत जास्त तीच वापरतात. शिवाय दोन प्रकारची संप्रेरकं लागतात. त्यांपैकी एक टू-फोर-डी. भाताच्या खाचरात तण मारायला मारतात तेच. जास्त दिलं तर झाड मरतं आणि कणभर दिलं तर पेशी बेभान वाढतात.

तीन-चार आठवड्यांत पानाची कड सुजते आणि तिच्यातून फिकट पिवळा, ओल्या रव्यासारखा दाणेदार गोळा वर येतो. त्याला कॅलस म्हणतात. ना पान, ना मूळ, ना खोड. नुसत्या पेशी. तो गोळा पातळ द्रवात टाकून फ्लास्क हलत्या मंचावर ठेवला की पेशी सुट्या होऊन वाढत राहतात. माझ्या पहिल्या खेपेच्या बत्तीस बरण्यांपैकी सत्तावीस बरण्यांत बुरशी आली. दुसऱ्या खेपेला कॅलस आला. इतका सुंदर आला, की मी सगळ्यांना बोलावून दाखवला. मग त्याचा अर्क काढून तपासला. ज्या रेणूच्या मागे लागले होते त्याचा पट्टीवर ठिपकासुद्धा उठला नाही.

तेव्हा मी रडले होते. माझं काही चुकलं नव्हतं हे नंतर कळलं.

वनस्पतीची एकटी पेशी वेगळी वाढवता येईल हे १९०२ मध्ये ऑस्ट्रियातल्या हाबरलांट यांनी मांडलं होतं. त्यांच्या पेशी काही आठवडे जगल्या, फुगल्या, पण दुभंगल्या नाहीत. पुढे पन्नास-साठ वर्षांत पेशी दुभंगायला लागल्या, गाजराच्या पेशीतून अख्खं रोप आलं, आणि प्रत्येक पेशीत सगळ्या झाडाची कुंडली असते हे सिद्ध झालं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मॅस्करेन्हास, जगन्नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढलेल्या सागापासून, वेलचीपासून, हळदीपासून काचेत रोपं केली. बांबू अनेक वर्षांतून एकदा फुलतो, पण १९९० मध्ये रजनी नाडगौडा, पराशरामी आणि मॅस्करेन्हास यांनी तो काचेच्या नळीत काही महिन्यांतच फुलवून दाखवला. 'नेचर'मध्ये तो निबंध आला तेव्हा पुण्याचं नाव जगभर गेलं. मी शिकत असताना ती गोष्ट आम्हांला रामायणासारखी सांगितली जायची.

पण रोप करणं निराळं आणि औषध करून घेणं निराळं. झाड औषध आपल्यासाठी बनवत नाही. अळी लागली, बुरशी चढली, गुराने तोंड घातलं तर उपयोगी पडावं म्हणून ते विष साठवतं. बरणीतल्या पेशीला साखर आयती, ऊब आयती, शत्रू एकही नाही. ती विष कशाला करील? सदाफुलीत तर याहून मोठी अडचण आहे. मी ज्याच्या मागे होते तो व्हिनब्लास्टिन हा कर्करोगावरचा रेणू दोन तुकड्यांचा आहे, कॅथरॅन्थिन आणि व्हिंडोलिन. तो बनायला तीसच्या वर पायऱ्या लागतात आणि पानातल्या निरनिराळ्या पेशींनी त्या वाटून घेतलेल्या आहेत. एका पेशीत सुरुवात, पुढचं काम पृष्ठभागालगतच्या पेशींत, शेवटचं आणखी तिसऱ्याच पेशींत. पाथरवट, सुतार आणि गवंडी मिळून घर बांधतात तसं. कॅलसमध्ये सगळे एकाच साच्याचे. त्यांना कॅथरॅन्थिन जमतं, व्हिंडोलिन जमत नाही. माझ्या पट्टीवर ठिपका न उठण्याचं कारण हे होतं.

म्हणून सदाफुलीचं औषध आजही पानांतूनच येतं. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनला सुमारे पाचशे किलो वाळलेली पानं लागतात. याचा शोधही मधुमेहाच्या वाटेनेच लागला. १९५२ मध्ये जमैकाहून एका डॉक्टरांनी पंचवीस पानं पाकिटात घालून कॅनडाला धाडली, तिथले लोक साखरेवर त्यांचा काढा पितात म्हणून. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी अर्क उंदरांना दिला. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या. त्यातून पुढे व्हिनब्लास्टिन आलं, आणि मग व्हिन्क्रिस्टिन, ज्याच्यावर रक्ताचा कर्करोग झालेली कितीतरी मुलं आज मोठी होऊन संसाराला लागली आहेत. केळशीत पानं चावणाऱ्यांना मी याच उंदरांची गोष्ट सांगते.

२०२२ मध्ये डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने एक वेगळी वाट निघाली. सदाफुलीची सगळी कामं त्यांनी यीस्टच्या पेशीत, आपण पावाच्या पिठात घालतो त्या यीस्टमध्ये, बसवली आणि तिच्याकडून दोन्ही तुकडे करून घेतले. मग ते रसायनशाळेत जोडले. प्रमाण अजून अगदी थोडं आहे.

*

वनस्पतीच्या पेशी टाकीत वाढवून काढलेला पहिला माल जपानमध्ये १९८३ च्या सुमारास बाजारात आला. शिकोनिन नावाचा तो लाल रंग ज्या मुळांत मिळायचा ती वाढायला वर्षं लागायची. मित्सुई कंपनीने तो काही आठवड्यांत टाकीत करून दाखवला आणि तो लिपस्टिकमध्ये गेला. औषधांत मोठं यश आलं ते टॅक्सॉलला.

यूच्या पेशीही आधी आळशीच होत्या. त्यांना जागं केलं मिथाइल जॅस्मोनेटने. हा रेणू पहिल्यांदा सापडला चमेलीच्या अत्तरात, फुलाच्या वासाचा तो एक भाग आहे. वनस्पतीला जखम झाली, कीड लागली, की तिच्या शरीरात याच जातीचे रेणू धोक्याची हाक देतात. टाकीत तो थेंबाथेंबाने घातला की यूच्या पेशींना वाटतं शत्रू आला, आणि त्या टॅक्सॉल करायला लागतात. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी हे दाखवलं. जर्मनीत फायटन कंपनीच्या कारखान्यात पंचाहत्तर हजार लिटरपर्यंतच्या टाक्या आहेत. उन्हाळ्यात आपल्याकडे वाड्यांवर पाण्याचा टँकर येतो, दहा हजार लिटरचा. तसे साडेसात टँकर एका टाकीत मावतील, आणि त्या सगळ्यात तरंगतात यूच्या पेशी. मूळ नाही, खोड नाही, साल नाही. ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीने या पद्धतीने टॅक्सॉल बनवायला घेतला आणि २००४ मध्ये अमेरिकेत त्यांना हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. याखेरीज युरोपातल्या यूच्या पानांतला जवळचा रेणू घेऊन उरलेलं काम रसायनशाळेत करण्याची पद्धतही आहे. पानं खुडली तर झाड मरत नाही. काकूच्या पहिल्या औषधासाठी, त्या पॅक्लिटॅक्सेलसाठी, झाड तोडण्याची गरज उरलेली नव्हती एवढं मी आज तिला छातीठोकपणे सांगू शकले असते.

दुसऱ्या औषधाचं काय? नरक्याच्या पेशी काचेत वाढवण्याचं काम आपल्याच लोकांनी केलं आहे आणि मनापासून केलं आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रोजा आणि हेबळे यांनी १९९४ मध्ये नरक्याच्या ऊतींत आणि मोठ्या झाडांत कॅम्प्टोथेसिन किती मिळतं ते मांडलं. तिथेच फुलझेले, सतदिवे आणि पोळ यांनी २००१ मध्ये द्रवात तरंगणाऱ्या पेशींतून कॅम्प्टोथेसिन मिळवलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शुभदा ठेंगणे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कुठल्या मिश्रणात कॅलस जास्त रेणू साठवतो याचा अभ्यास छापला. जम्मूच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये आणखी आश्चर्याची गोष्ट दाखवली: पश्चिम किनाऱ्यावरल्या नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी एक बुरशीही हा रेणू करते. बुरशी म्हणजे टाकीत वाढायला सर्वांत सोपी. सगळ्यांच्या आशा पालवल्या. पण असल्या बुरश्या झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की रेणू करणं कमी कमी होत जातं, असं पुढच्या कामात दिसलं. पेशींचंही तसंच. लाकडी झाडाच्या पेशी सावकाश वाढतात, आणि आज चांगला रेणू देणारा वाण वर्षभराने देईलच याची खात्री नसते.

तरीही माझं मत असं आहे, की नरक्या टाकीत न जाण्याचं मोठं कारण पेशीत नाही, बाजारात आहे. यूच्या बाबतीत जंगल महाग झालं होतं. लोक आरडाओरडा करत होते, सरकारी नजर होती, म्हणून मोठ्या कंपनीने टाकीवर पैसा घातला. इथे टाकीची स्पर्धा आहे रात्री कापून आणलेल्या गोणीशी, आणि त्या गोणीची किंमत म्हणजे एका पोराची मजुरी आणि डिझेल. ज्या झाडाला वाढायला वर्षानुवर्षं लागली त्याचं मोल त्या हिशेबात कुठेच नाही. ते मोल धरलं असतं तर तुर्भ्याच्या आणि पुण्याच्या फ्लास्कमधलं काम छापील निबंधांत थांबलं नसतं. कॅम्प्टोथेसिनच्या नव्या वंशजांना आता प्रतिपिंडांच्या पाठीवर बसवून थेट गाठीपर्यंत पोचवतात. स्तनाच्या कर्करोगावर त्यांचा गुण येतो आहे. म्हणजे या रेणूची भूक कमी होणारी नाही.

*

काकूला टोपोटेकॅनच्या पाच फेऱ्या झाल्या. औषधाने वर्ष दिलं. २०१९ च्या चैत्रात ती महालक्ष्मीच्या उत्सवाला डोक्याला रुमाल बांधून देवळात बसली होती, नवसाला आलेल्या माणसांची विचारपूस करत. श्रावणात गेली. पुढच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि आगरातले माड, पोफळी, तिने लावलेला हापूस, सगळं एका दुपारी आडवं झालं. आठवड्याने रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही पोचलो तेव्हा पाटाजवळ पत्रा पडला होता. चुलतभावाने तो उचलला. खाली सदाफुली चेपून जमिनीला टेकलेली, पण फुललेली.

गेल्या पावसाळ्यात त्या भावाबरोबर मी खेड, पोलादपूर करत आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेले. नरक्या त्याला दाखवायचा होता. धुक्यात पायवाटेने अर्धा तास हिंडल्यावर वास आधी आला, मग झाड दिसलं. दोन पुरुष उंचीचं, करड्या भेगाळ सालीचं, फांद्यांच्या टोकाला मोठ्या पानांची गर्दी आणि वर पिवळट झुबके. भावाने नाक धरलं. "ह्यासाठी एवढं सगळं?" तो म्हणाला. मग थोडं पुढे गेला आणि मला हाक मारली.

तिथे एक बुंधा होता, गुडघ्याएवढ्या उंचीवर करवतीने कापलेला. कापलेली बाजू काळी पडली होती, म्हणजे दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. मूळ काढायला बहुधा वेळ मिळाला नव्हता. भोवतीची माती अर्धवट उकरलेली आणि पावसाने पुन्हा बसलेली. सालीतून पाच फुटवे वर आले होते. भाऊ वाकला, सगळ्यात उंच फुटवा हाताच्या वितीने मोजला.

"सात विती आणि चार बोटं," तो म्हणाला. मी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षी परत मोजायला जायचं आमचं ठरलं आहे.